हैदराबादला का नेलंत?

अहो, आता काय ते खरं सांगून टाका. तेरावा होऊन गेला, पाहुणे आपापल्या गावी गेले, आपली मीराही परवा पुण्याला परतली. घरात मी एकटीच आहे, कुणी ऐकायला नाही. दिवाळी झाल्यावर तुम्ही मला हैदराबादला नेलंत, ते फिरायला नेलं होतं की निरोप द्यायला?

लोक तुमच्याबद्दल फार चांगलं बोलले. जिनिंग मिलमधल्या लोकांनी फोटो लावला, असा कापसाचा पारखी मानवत गावात पुन्हा होणे नाही म्हणाले. कुणीतरी उभं राहून सांगितलं की माणूस अत्यंत सरळमार्गी. मी पदर तोंडाला लावला. सरळमार्गी! सरळमार्गी माणसाची बायको तो गेल्यावर हैदराबादपर्यंत जाते का, आणि एका चहावाल्याला गाठून नवऱ्याची चौकशी करते का? मी केली. गेल्या आठवड्यात मीराला घेऊन गेले आणि केली.

तुम्ही मला फौजदारीण म्हणायचात. "शाळेत पोरांच्या चिठ्ठ्या पकडती ते पकडती, घरी आल्यावर बी झडती घेती," असं मित्रांना सांगून हसायचात. हसा. पण चिठ्ठ्या सापडायच्याच की माझ्या हाताला. तुमच्याबाबतीत तेवढी कमी पडले. समोर सगळा पुरावा पडलेला होता आणि मी भलतीच चोरी शोधत बसले.

पहिला संशय आला तो तुम्ही विषय काढलात तेव्हाच. ऐन कापसाचा हंगाम. जिनिंगसमोर गाड्यांची रांग लागलेली, तुम्हाला जेवायला घरी यायला फुरसत नाही. चिमूटभर रुई दोन अंगठ्यांत धरून ओढायची आणि धागा किती लांब ते सांगायचं, हे तुमचं काम. तुम्ही बोट लावल्याशिवाय तिथं गाडी रिकामी होत नव्हती. अशा दिवसांत तुम्ही दुपारी घरी आलात, ओट्यापाशी उभे राहिलात आणि म्हणालात, "चल, हैदराबादला जाऊन येऊ."

"कुणाचं लग्न आहे?" मी विचारलं.

"कुणाचं न्हाई."

"मग कोण दवाखान्यात आहे?"

तुम्ही ओट्यावरचा रिकामा पेला उचलून परत खाली ठेवलात. मग म्हणालात, "तुला सरळ काई दिसतच न्हाई का गं? फिरायला जायचंय. दोघंच. बाजार करू, खाऊपिऊ, दोन-तीन दिवस राहू आन येऊ."

आता मला सांगा, कुठल्या बाईला संशय येणार नाही? लग्नानंतर तुम्ही मला फिरायला कुठं नेलं होतं, तर पोखर्णीच्या नरसिंहाला. तेही आक्का बरोबर होत्या. नवी नवरी मी, आणि माझ्या नि तुमच्या मध्ये सीटवर तुमची बहीण बसलेली. त्याबद्दल मी आयुष्यभर तुम्हाला टोमणे मारले आणि तुम्ही आयुष्यभर ऐकून घेतलेत. आणि आता केस पांढरे झाल्यावर म्हणे दोघंच. मी रात्री मीराला फोन लावला. ती म्हणाली, "आई, बाबा रोमँटिक झालेत. जा ना." मी म्हटलं, माणूस या वयात उगीच रोमँटिक होत नाही, काहीतरी भानगड असते.

भानगड हा शब्द माझ्या डोक्यात तिथंच शिरला. कारण पावसाळ्यापासून तुम्ही मधून मधून आदिलाबादला जात होतात. "कापसाच्या गाठी बघायला जायलो," म्हणायचात. एरवी बाहेरगावी गेलात की आल्यावर दोन दिवस तिथल्या कापसाला नावं ठेवायचात. यावेळी आदिलाबादच्या कापसाबद्दल चकार शब्द नाही. कापसाबद्दल न बोलणारे तुम्ही म्हणजे काहीतरी बिनसलंय, एवढं मला कळत होतं.

मानवत रोड स्टेशनवर गाडीत बसलो. मी दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पाण्याच्या बाटल्या सगळं घेतलेलं. तुम्ही एकच दशमी खाल्लीत आणि खिडकीच्या काचेला डोकं टेकून माझ्याकडे बघत बसलात. "काय बघायलात?" मी विचारलं. "काई न्हाई," म्हणालात. एवढं बघण्यासारखं माझ्यात काय उगवलं होतं? मी साडीचा पदर नीट केला आणि मनातल्या मनात म्हटलं, हा माणूस अपराधी आहे.

सकाळी पोचलो. तुम्ही मला स्टेशनवरनं थेट एका गल्लीत नेलंत. उजवीकडे वळा, डावीकडे वळा, नाल्यावरून पलीकडे. कुणाला विचारणं नाही, पाट्या वाचणं नाही. तुमचे आजोबा निजामाच्या वेळचं हैदराबाद सांगायचे म्हणून एवढे रस्ते पाठ होत नाहीत. कोपऱ्यावर एक इराणी चहाचं हॉटेल होतं. गल्ल्यावरच्या पांढऱ्या दाढीच्या माणसानं तुम्हाला पाहिलं आणि हात वर केला. "आओ साब. आज अकेले नै?"

माझ्या हातातलं बिस्किट चहात पडलं.

"ओळखतो का तो तुम्हाला?" मी विचारलं.

"धंदेवाला माणूस हाय, सगळ्यांलाच म्हणतो," तुम्ही म्हणालात. पण मान खाली घालून म्हणालात. कॉपी करणाऱ्या पोराची मान अशीच असते. मी त्याच क्षणी मनाशी पक्कं केलं की आदिलाबाद-फिदिलाबाद काही नाही, तुम्ही इथं येत होतात. कुणाकडे येत होतात, एवढंच शोधायचं राहिलं.

मग तीन दिवस मी त्या नजरेनं फिरले. तुम्ही मला चारमिनार दाखवत होतात आणि मी तुम्हाला बघत होते. कुठल्या बाईकडे बघून तुम्ही हसता का, कुठल्या दाराशी चाल मंदावते का. आणि तुम्ही? तुम्ही माझी एकेक जुनी तक्रार काढून निकालात काढायला निघाला होतात.

गाड्यावर खाणं घ्या. मानवतात तुम्ही मला कधी गाड्यावर उभं राहून खाऊ दिलं नाही. "शाळेतल्या बाई रस्त्यात भजी खायल्यात म्हणतील पोरं." किती वेळा भांडलो असू त्यावरून. आणि हैदराबादला तुम्ही स्वतः गाड्यांसमोर उभं करून मला खायला घालत होतात. लोण्यात पोहणारा डोसा. चिंच भरलेली मिर्चीची भजी. खुबानीचं गोड. "खा गं, अजून एक घे." मी खात होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, नाकातून येत होतं, आणि तुम्ही माझ्यासमोर हातरुमाल धरून उभे. खरं सांगू का, इतकी मजा मला उभ्या आयुष्यात आली नव्हती. पण तुम्ही स्वतः एक घास घ्यायचात आणि उरलेलं माझ्या पानात सरकवायचात. "अॅसिडिटी हाय," म्हणायचात. मला वाटलं, हा पोट राखून ठेवतोय. दुसरीकडे कुठंतरी जेवायचं असणार.

हसू नका. आता मला स्वतःचं हसू येतं ते वेगळं.

दुसऱ्या दिवशी चुडी बाजार. दोन्ही बाजूंना नुसता लखलखाट. मी आपली हिरव्या काचेच्या बांगड्यांकडे गेले, जसं कुठलीही बाई जाईल. कासारानं हात पुढं करायला सांगितलं आणि तुम्ही मध्ये पडलात. "काचेच्या नको. ह्या घे." खडे बसवलेल्या, पिवळ्या धातूच्या, जाड.

"काचेच्या पाहिजेत मला," मी म्हटलं. "सवाष्णीच्या हातात काच पाहिजे."

"काचेच्या फुटतात," तुम्ही म्हणालात.

तुम्ही! आपल्याकडे बांगडी फुटली असं लहान पोरसुद्धा म्हणत नाही. वाढली म्हणतात, वाढवली म्हणतात. मीरा लहानपणी एकदा तसं म्हणाली तर तुम्हीच तिला दटावलं होतं. आणि भर बाजारात, माझा हात हातात धरून, तुम्ही तो शब्द उच्चारलात. मी म्हटलं, "जिभेला काही हाड?" तुम्ही त्या धातूच्या बांगड्या माझ्या हातात चढवायला लागलात. कासाराला हात लावू दिला नाहीत. तुमची ती कापूस ओढणारी बोटं, माझ्या मनगटाशी झटापट करत होती आणि बांगडी काही अंगठ्याच्या हाडावरून सरकत नव्हती. दुकानातल्या बाया हसायला लागल्या. मीही हसले. तुम्ही हसला नाहीत. "ह्याच घालत जा," एवढंच म्हणालात.

मी घालत गेले. का, ते मलाही माहीत नाही. तुम्ही माझ्याकडे काहीतरी मागितल्यासारखं बोललात म्हणून असेल.

त्याच संध्याकाळी कोठीच्या बाजारात साडी. साडी तुम्ही स्वतः निवडणार म्हणालात, मला बाहेर बाकावर बसवलंत. ही तर माझी सगळ्यात जुनी तक्रार, की तुम्ही माझ्यासाठी आपल्या मनानं एक साडी कधी आणली नाही. मी बाकावर बसून काचेतून बघत होते. बराच वेळ तुम्ही पाठमोरे उभे. बाहेर आलात आणि पिशवी माझ्या मांडीवर ठेवलीत. उघडून बघते तर राखाडी. त्यात नावाला जांभळी झाक. काठ इतके फिके की दिसू नयेत.

"हा काय रंग आहे?" मी म्हटलं.

"सोबर हाय. शाळेत चालंल. कुठं बी चालंल. कधी बी चालंल."

"म्हातारी झाले का मी? कुणाच्या आवडीचा रंग आहे हा?"

"माज्या."

"तुमच्या कशा आवडीचा? लग्नात हिरव्या शालूशिवाय दुसरी साडी नको म्हणून अडून बसलेला माणूस तुम्ही!"

रस्त्यात भांडलो आपण. लोक वळून वळून बघत होते. तुम्ही माझ्याशी भांडत होतात, पण आवाजात दम नव्हता, आणि मला त्याचाही राग आला. आता नक्कीच कुणीतरी बाई आहे, तिनं हा रंग सांगितला, असं मी धरून चालले. पुढं काय केलं ते तुम्हाला माहीत आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही थकलो म्हणून लॉजवर पडून राहिलात, मी देवदर्शनाला जाते सांगून रिक्षानं एकटी कोठीला गेले आणि ती राखाडी परत देऊन हिरवीगार, लाल काठाची घेऊन आले. दुकानदार देताना मला एक गोष्ट म्हणाला. ती शेवटी सांगते.

आणि मालिश! त्याचं तर मी कुणाला सांगूही शकत नाही. निघायच्या दिवशी दुपारी तुम्ही मला एका मोठ्या मॉलमध्ये नेलंत. वर काचेचं दार, आत उदबत्तीसारखा वास, मंद दिवे. "दोघांची मालिश करून घेऊ," म्हणालात.

"मालिश? मी काय बाळंतीण आहे का?"

"व्हतीस की. तवा राहिली व्हती."

मीराच्या वेळी माझी आई आजारी होती, तुमच्या आई त्याआधीच गेलेल्या. मला शेक नाही, शेगडी नाही, अंगाला तेल लावायला कुणी बाई नाही. माझी कंबर तेव्हापासून दुखते, आणि दुखली की मी तुम्हाला ऐकवते की माझं बाळंतपण कुणी केलं नाही. तुम्ही वर्तमानपत्र वर करून ऐकायचात. मला वाटायचं, याच्या कानात काही जात नाही. सगळं जात होतं. मीराला नोकरी लागून वर्षं झाली आणि तुम्ही माझी बाळंतपणाची मालिश करवून द्यायला हैदराबादला घेऊन आलात.

एका खोलीत दोन पलंग. माझ्याकडे एक गोरीशी, बारीक डोळ्यांची पोरगी, तुमच्याकडे एक दांडगा माणूस. तिनं कोमट तेल माझ्या कमरेवर ओतलं आणि माझं सगळं अंग सैल पडलं. इतकं बरं वाटलं की रडावंसं वाटलं, आणि रडू येतंय म्हटल्यावर मला आणखीच संशय आला. बाजूला तुम्ही बनियन काढायला तयार नाही. त्या माणसाला म्हणताय, "पेट पे नक्को. पेट को हात नै लगाना." मला राहवेना. मी तशीच पालथी पडल्या पडल्या, पलंगाला तोंडासाठी पाडलेल्या भोकातून जमिनीकडे बघत विचारलं, "खरं सांगा, कोण आहे ती?"

"कोण?"

"जिच्यासाठी हे सगळं चाललंय. मला खूश करून काय कबूल करायचंय तुम्हाला?"

माझ्या पाठीवरचे हात थांबले. त्या पोरीला मराठी येत नसेल, पण बाईचा आवाज कुठल्याही मुलखात कळतो. मग तुम्ही हसायला लागलात. असे हसलात की पलंग वाजायला लागला. "तूच हाय बये. दुसरी झेपंल का मला?" आणि हसता हसता एकदम थांबलात. मी मान वळवून पाहिलं. तुम्ही कुशीवर होऊन गुडघे पोटाशी घेतले होतेत आणि डोळे घट्ट मिटले होतेत. "काय झालं?" मी विचारलं. "उचकी," तुम्ही म्हणालात. मी मान पुन्हा भोकात घातली. माझी मालिश अर्धी राहिली होती, मला ती सोडवेना.

घरी आल्यावर मी पिशवी उघडली आणि हिरवी साडी पलंगावर पसरली. म्हटलं, आता भांडतील. तुम्ही साडीकडे बघितलंत. काठ दोन बोटांत धरून चोळलात, तुमच्या सवयीनं. मला विचारलंसुद्धा नाहीत की राखाडीचं काय झालं. "नेस," म्हणालात.

"संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नेसेन की."

"तवर कशाला थांबायलीस? आजच नेस. रोज नेस."

मी नेसले. समोर उभी राहिले आणि विचारलं, "कशी दिसते?" हा आपला कायमचा वाद. मी विचारायची, कशी दिसते, आणि तुम्ही म्हणायचात, साडी चांगली हाय. मी म्हणायची, साडीचं नाही विचारलं, माझं विचारलं. त्या दिवशी तुम्ही साडी चांगली आहे एवढंसुद्धा म्हणाला नाहीत. उठून मोरीत गेलात आणि किती वेळ नळ सोडून उभे राहिलात. त्याही वेळी मी दाराला कान लावला, की फोनवर बोलतोय का.

संक्रांतीनंतर तुम्ही अंथरुणावरून उठेनात तेव्हा मी आणि मीरानं तुम्हाला परभणीला आणि तिथून नांदेडला नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, पोटात गाठ आहे, फार पसरली, उशीर झाला. मी मटकन खाली बसले. पण बसता बसता तुमच्या तोंडाकडे बघितलं. पेपर आधीच फुटलेला असला की पोरं प्रश्नपत्रिका हातात आल्यावर जे तोंड करतात ना, डोळे मोठे, भुवया वर, ते तोंड तुम्ही केलं होतंत. "अरे बाप रे," म्हणालात तुम्ही. उभ्या आयुष्यात तुमच्या तोंडून अरे बाप रे मी ऐकलेलं नव्हतं.

तेव्हा विचारायला पाहिजे होतं. पण तुम्हाला पाणी पाजू की उलटतपासणी घेऊ?

होळीच्या आधी तुम्ही गेलात. आक्का वालूरहून आल्या. तुमच्या थोरल्या बहिणीचा धाक तुम्हालाही होता, मला तर होताच. रीत करायची म्हणून त्यांनी माझा हात धरला, दुसऱ्या हातात वरवंटा. मनगट चाचपलं. "काचेची एक बी न्हाई?" म्हणाल्या. तुम्ही चढवलेल्या बांगड्या होत्या फक्त. त्यांनी माझा हात उंबऱ्यावर ठेवून त्यातल्या एकीवर वरवंटा मारला. बांगडी दबली, तुटली नाही. पुन्हा मारला. एक खडा उडाला, एवढंच. बाया श्वास रोखून बघायला लागल्या. आक्कांनी वरवंटा बाजूला ठेवला, माझं मनगट छातीशी धरलं आणि हंबरडा फोडला. "ऱ्हाऊ दे," म्हणाल्या, "माज्या भावानं घातल्यात, ऱ्हाऊ दे."

तेव्हा माझ्या कानात तुमचा आवाज वाजला. काचेच्या फुटतात.

आणि तेराव्याला माझ्या भावानं माहेरची दुखवट्याची साडी आणली. बायकांनी ती माझ्या अंगावर घातली. राखाडी. जांभळी झाक, फिके काठ. कोठीच्या दुकानातून उचलून आणल्यासारखी. माझा भाऊ घाबरला, कारण मी रडायची थांबले आणि त्या साडीकडे बघत राहिले. कुठं बी चालंल, कधी बी चालंल. अहो, तुम्ही मला दिवाळी झाल्या झाल्याच दुखवटा आणला होतात!

म्हणून गेले मी हैदराबादला. तो पांढऱ्या दाढीचा माणूस गल्ल्यावरच होता. मीरानं मोबाइलवर तुमचा फोटो दाखवला. त्यानं चष्मा लावून बघितलं आणि आमच्याकडे, माझ्या कपाळाकडे बघितलं. मग म्हणाला, "हौ, आते थे. बरसात से आते थे. हाथ में वो दवाखाने की बड़ी थैली रहती थी, एक्सरे के फोटो वाली. पैली बार आये तो चाय सामने रख के बैठे रहे, पिये नै. मैं दूसरी गरम लाके दिया, वो भी ठंडी हो गयी." मीरा तिथंच रडायला लागली. त्यानं आमच्यासमोर चहा ठेवला. आमचाही गार झाला.

सुटली केस. बाई नव्हती. तुम्हाला पावसाळ्यापासून माहीत होतं.

पहिल्यांदा इतका संताप आला तुमचा! गाडीत मी मीराशी बोलले नाही. तीस वर्षं एका ताटात जेवलो आणि मरणासारखी गोष्ट तुम्ही चहावाल्यासमोर घेऊन बसलात, माझ्यासमोर नाही. मी काहीतरी केलं असतं. पुणे, मुंबई, नवस-सायास, काहीही. निदान तुमच्या शेजारी त्या बाकावर बसले असते. तो दुसरा चहा मी गार होऊ दिला नसता.

मग मानवत रोड यायच्या आधी कधीतरी राग थोडा उतरला. मी त्या तीन दिवसांत स्वतःला बघितलं. तोंडात मिर्ची, हातात पिशव्या, कमरेला तेल आणि डोळे तुमच्यावर रोखलेले. तुम्ही सांगितलं असतंत तर मी रडत फिरले असते. तुम्ही मला संशय घेत फिरू दिलंत. माझा नेहमीचा उद्योग करू दिलात, आणि तुम्हाला त्याची गंमतही वाटत होती, हे मला आता कळतंय. तुमच्या आयुष्यातल्या शेवटच्या चांगल्या दिवसांत तुम्हाला रोजचीच बायको पाहिजे होती. झडती घेणारी. बरं केलंत. पण मला विचारून केलं असतंत तर बरं झालं असतं.

आता दुकानदाराची गोष्ट. मी राखाडी परत दिली आणि हिरवीवर बोट ठेवलं, तर तो म्हणाला, "अम्मा, साब ने पैले यही निकाली थी. बहोत देर हाथ में लेके खड़े रहे. फिर रख दी." मी तेव्हा विचार केला, कुणाच्या सांगण्यावरून ठेवली? आता मला तुम्ही दिसता. काचेच्या पलीकडे, पाठमोरे, हिरव्या साडीचा काठ दोन बोटांत चोळत. मनात मोजताय की ही कितीदा नेसेल, आणि नंतर हिला ही नेसायची चोरी होईल. आणि परत ठेवताय.

तिथं चुकलात तुम्ही. कापसाचा धागा नुसता ओढून सांगणारा माणूस, आणि मला एवढंच ओळखलंत? तुम्ही गेल्यावर मी राखाडी नेसून कोपऱ्यात बसेन, असं तुम्हाला वाटलंच कसं? बांगड्यांचं बरोबर केलंत. दबलेली बांगडी अजून माझ्या हातात आहे, ती मनगटाला टोचते आणि मी ती काढत नाही. साडीचं साफ चुकलात.

काल शाळेत पहिल्यांदा हजर व्हायचं होतं. मी कपाट उघडलं आणि हिरवी काढली. निऱ्या घालत होते, तेवढ्यात दार वाजलं. वालूरहून सकाळच्या गाडीनं आक्का एका दिवसापुरत्या आलेल्या, भावजय शाळेत एकटी कशी जाईल म्हणून. निऱ्या हातात धरूनच मी दार उघडलं. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. मी म्हटलं, आता वीज पडणार. मीही तयारच होते, चार शब्द सुनावायला.

आक्कांनी पिशवी खाली ठेवली. गुडघ्यावर हात टेकत खाली बसल्या, आणि माझ्या पायाशी निऱ्यांची टोकं ओढून सारखी करायला लागल्या. वर न बघता विचारलं, "त्यानं घेतली काय?"

"त्यांना घ्यायची होती," मी म्हटलं.

मग त्यांनी मान वर केली. डोळे तुमच्यासारखेच आहेत त्यांचे, मी कधी नीट बघितले नव्हते. म्हणाल्या, "लय चांगली दिसायलीस, सुमन."

अहो, साडीला नाही म्हणाल्या चांगली. मला म्हणाल्या. तीस वर्षं मी विचारत होते त्याचं उत्तर तुमच्या बहिणीनं उंबऱ्यात बसून दिलं. मला फार बरं वाटलं, त्यांच्या गळ्यात पडून रडले, आणि डोळे पुसून शाळेत गेले. पण मला ते तुमच्या तोंडून ऐकायचं होतं.